जमा आणि नावे
(गुप्तदानाच्या परंपरेचा एक धावता आढावा)

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह झाला. मी व्यवसायाने कापड व्यापारी. शिक्षण वाणिज्य शाखेचे. साहित्याशी माझा संबंध वाचनापुरता. त्यामुळे विद्वज्जनांप्रमाणे गहन विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. तथापि आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वहीखात्यात गेल्यामुळे एका शब्दाने माझे लक्ष सतत वेधून घेतले आहे. तो शब्द म्हणजे ‘नावे’. आपल्या मराठी जमाखर्चात दोन बाजू असतात, जमा आणि नावे. ज्याच्याकडून येणे असते त्याच्या ‘नावे’ आपण रक्कम टाकतो. म्हणजे आपल्या भाषेत एखाद्याच्या नावे काही लिहिणे याचा अर्थच तो देणेकरी होणे असा आहे. दानधर्म करताना आपण आपले नाव लिहितो, तेव्हा नेमके कोण कोणाचा देणेकरी होतो? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा प्रश्न आपण सर्वांनी इतिहासाला विचारून पाहावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दान देणाऱ्याने आपले नाव कोरणे ही काही अलीकडच्या काळातील विकृती नव्हे. ती फार जुनी रीत आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यातील पाले या गावाजवळच्या डोंगरात एक लेणे आहे. त्यातील ब्राह्मी लिपीतील शिलालेख डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले या संशोधकांनी उजेडात आणला. अरिहंतांना नमन करून सुरू होणारा हा लेख इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानला जातो आणि महाराष्ट्रातील जैन धर्माचा तो अतिप्राचीन पुरावा होय. त्यात काय आहे? इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी हे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या प्रसिद्ध बौद्ध चैत्यगृहातही वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे आणि तेथील खांबाखांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे व्यापारी व साधू आज आपल्याला ठाऊक आहेत ते त्यांनी नावे कोरली म्हणूनच. इतिहासाच्या अभ्यासकांवर त्यांचे उपकारच आहेत.

इतकेच कशाला, मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये ज्याची गणना होते, तो श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींच्या चरणांजवळचा लेखही एका दात्याच्या नावाचाच आहे. गंग राजांचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने ही मूर्ती करविली, एवढाच त्याचा आशय. आपल्या मायबोलीच्या दगडावर उमटलेल्या पहिल्यावहिल्या वाक्यांपैकी एक वाक्य दात्याच्या नावाची पाटी असावे, हा योगायोग मोठा विचार करायला लावणारा आहे.

परंतु त्याच श्रवणबेळगोळच्या डोंगरावर या पाटीला उत्तर देणारी एक कथा परंपरेने जपून ठेवली आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ५७ फूट उंचीची ती अखंड पाषाणमूर्ती पूर्ण झाली, तेव्हा चामुंडरायाने मोठ्या थाटाने महामस्तकाभिषेक आरंभिला. दुधाचे हंडेच्या हंडे ओतले, पण दूध काही केल्या मूर्तीच्या कमरेखाली उतरेना. सर्वजण चिंतेत पडले. इतक्यात एक दरिद्री वृद्धा एका लहानशा फळाच्या करवंटीत थोडेसे दूध घेऊन आली. लोक हसले. पण तिने अर्पण केलेल्या त्या ओंजळभर दुधाने मूर्ती मस्तकापासून चरणांपर्यंत न्हाऊन निघाली. मंत्र्याच्या मनात शिरलेला अहंकार त्या क्षणी गळून पडला, असे कथा सांगते. ही आख्यायिका आहे, तिला इतिहास म्हणता येणार नाही. मात्र त्या वृद्धेची मूर्ती भगवंतांच्या समोर आजही उभी आहे, ही वस्तुस्थिती आहे. तिला लोक ‘गुळ्ळकायज्जी’ म्हणतात. गुळ्ळकायी हे त्या फळाचे नाव आणि अज्जी म्हणजे आजी. तिचे स्वतःचे नाव कोणालाही माहीत नाही. बारा-बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो, २०१८ सालीही तो झाला. लक्षावधी भाविक मूर्तीच्या दर्शनाला येतात, आणि ज्याने मूर्ती उभारली त्याच्या नावाबरोबरच जिला नाव नाही तिचीही आठवण काढतात. आपल्या पूर्वजांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या. लेखही ठेवला आणि लेखाचा गर्व उतरविणारी आजीही ठेवली.

शास्त्रकारांनी दानाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे आपणांस विदित आहेच. आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात दानाची व्याख्या करून झाल्यावर लगेच म्हटले आहे की, देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा या चार गोष्टींवरून दानाचे मोल कमीअधिक ठरते. येथे रकमेचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे. ‘रीत’ मात्र पहिल्या क्रमांकावर आहे. व्यापारी मनुष्य आधी रक्कम पाहतो आणि शास्त्र आधी रीत पाहते.

या रीतीचे एक अत्यंत हृद्य उदाहरण कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडू शाहांचे आहे. विक्रम संवत १३१३ ते १३१५, म्हणजे इसवी सन १२५६ ते १२५८ या काळात गुजरात व आसपासच्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात त्याचे वर्णन येते. जगडू शाहांनी आधीच धान्याची प्रचंड कोठारे भरून ठेवली होती. अणहिलवाड पाटणच्या वीसलदेव राजाने त्यांना बोलावून धान्य मागितले, तेव्हा त्यांनी सांगितले की, येथे माझ्या मालकीचा एक दाणाही नाही. कोठारे उघडली, तेव्हा आत ताम्रपट निघाले आणि त्यांवर हे धान्य रंकांसाठी साठविले असल्याचा मजकूर होता. म्हणजे पाटी तेथेही होती, पण ती घेणाऱ्याच्या हक्काची होती!

त्याच चरित्रात ‘लज्जापिंडा’चा उल्लेख आहे. दुष्काळात उघडपणे हात पसरणारा गरीब अन्नछत्रापर्यंत पोहोचतो. ज्याने कालपर्यंत मानाने दिवस काढले आणि आज ज्याच्या घरी चूल पेटत नाही, असा कुलीन मनुष्य लाजेपोटी घरातच उपाशी राहतो. अशांच्या घरी जगडू शाह लाडू पाठवीत आणि त्या लाडवांत सोन्याची नाणी दडविलेली असत. घेणाऱ्याची लाज राखणारा पिंड तो लज्जापिंड. गुप्तदानाचा खरा अर्थ येथे उलगडतो असे मला वाटते. आपण समजतो की, दात्याने आपला अहंकार आवरावा म्हणून दान गुप्त ठेवायचे. ते तर आहेच. पण त्याहून मोठे कारण घेणाऱ्याकडे आहे. दात्याचे नाव झाकले तर एक सद्गुण साधतो, घेणाऱ्याचे नाव झाकले तर एका माणसाची मान ताठ राहते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. राहू हे गाव मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या दुआबात, रांजणगाव सांडसच्या संगमापासून जवळच वसलेले आहे. ऊस आणि गूळ ही या राहू बेटाची ओळख. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रसाचा पेला दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या पेल्याची पावती कोणी फाडत नाही आणि पिणाराही कोणाच्या नावे राहत नाही. शेतकऱ्याने ही गोष्ट कोणत्याही ग्रंथातून शिकलेली नाही.

व्यापारी समाजाचा या भागातील इतिहास मात्र इतका सरळ नाही, आणि सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात तो विसरणे योग्य होणार नाही. त्या काळच्या भीमथडी तालुक्यात आजच्या दौंड-बारामतीचा मुलूख येत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळू लागले आणि युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारी सारा वाढला. शेतकरी कर्जात बुडाला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार टाकला आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. पाहता पाहता हे लोण भीमथडी व शिरूर तालुक्यांतील अनेक गावांत पोहोचले. ज्यांच्याविरुद्ध हा रोष होता ते प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकार होते, म्हणजे आपल्या पूर्वजांचे व्यवसायबंधूच. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा डोळा धनापेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे व दस्तऐवज हस्तगत करून ते जाळले गेले. कागद निमूटपणे दिले तेथे माणसांना सहसा इजा झाली नाही. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला.

दोष कोणाचा किती, याचा निवाडा इतिहासकारांनी केला आहे आणि त्यात सरकारी सारापद्धतीचा वाटाही मोठा आहे. परंतु एक धडा आपल्यासाठी आहे. अडचणीच्या वेळी धान्य आणि पैसा पुरविणारा मनुष्य गावाला उपकारकर्ता का वाटला नाही? कारण दिलेला प्रत्येक दाणा वहीत ‘नावे’ लिहिलेला होता. वहीतील नावे व्याजाने वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उपकाराच्या नोंदीवरही व्याज चढते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला आपण शंभर रुपये देऊन चारचौघांत दहा वेळा बोलून दाखवितो, त्याच्या मनात मुद्दल फिटल्यावरही व्याज शिल्लक राहते.

याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्राने विसाव्या शतकात पाहिले, आणि ते जैन कुटुंबातील आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास नकार दिला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत ते गावोगाव फिरले. म्हणजे तेही काही काळ आपल्यासारखे फिरते विक्रेतेच होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या पंक्तीला वाढणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. कर्मठ जैन घरातील सोवळ्याओवळ्याचे संस्कार असलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. बोर्डिंगचा खर्च भागेना तसे तिचे दागिने एकामागून एक गेले. एके दिवशी मुलांना शिजविण्यास घरात धान्य उरले नाही, तेव्हा तिने गळ्यातील मंगळसूत्रही दिले. सौभाग्यलेणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील स्त्रियांना विचारावे. १९३० मध्ये तिचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष तिने पाहिलाच नाही.  त्या मुलांना त्या दिवशी फक्त एवढेच कळले असेल की, जेवण वेळेवर मिळाले.

कर्मवीरांनी आणखी एक मार्ग शोधला तो मुष्टिफंडाचा. घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी गृहिणीने मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यावे. जगातील कोणत्या संगमरवरावर या मुठींची नावे मावतील? एका हंड्यातून ओतलेले दूध आणि करवंटीतले दूध यांची श्रवणबेळगोळची कथा साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत अशी प्रत्यक्षात उतरली.

नावाच्या बाबतीत कर्मवीरांचा बाणा कसा होता, तो त्यांनी काढलेल्या शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवरून दिसतो. १९४० मध्ये साताऱ्यात हायस्कूल निघाले ते महाराजा सयाजीरावांच्या नावाने, १९४७ मध्ये महाविद्यालय निघाले ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने आणि १९५४ मध्ये कराडला महाविद्यालय निघाले ते गाडगे महाराजांच्या नावाने. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प केला. साताऱ्याच्या महाविद्यालयाला आपले नाव द्यावे म्हणून एक धनिक मोठी देणगी घेऊन आले, तेव्हा एक वेळ वडिलांचे नाव बदलीन पण शिवरायांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर कर्मवीरांनी दिल्याचे सांगितले जाते. जेथे एका नावासाठी पैसा येतो, तेथे उद्या दुसऱ्या नावासाठी अधिक पैसा येईल आणि संस्था लिलावात उभी राहील, हे त्या व्यवहारचतुर पुरुषाने ओळखले होते.

गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) तर या बाबतीत सर्वांच्या पुढे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. हातात खराटा, डोक्यावर खापर आणि अंगावर चिंध्या. कोणी पाया पडू लागले तर ते दूर पळत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. देऊन टाकणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ तो हाच.

आता काही सुज्ञ बंधू म्हणतील की, आजच्या काळात गुप्तदान शक्य आहे काय? कायदा हिशेब मागतो. प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आहे, तोच आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांकडे विवरण हे त्यात आलेच. २००६ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात ११५ बीबीसी हे कलम आणून निनावी देणग्यांवर कर बसविला. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून वगळले, पण शाळा-रुग्णालये चालविणाऱ्या न्यासांवर मर्यादेपलीकडे ३० टक्के आकारणी ठेवली. काळा पैसा दानाच्या वाटेने पांढरा होऊ नये, हा त्यामागील हेतू होता आणि तो योग्यच होता.

परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला येथे कोणताही विरोध दिसत नाही. निनावी देणगी वेगळी आणि गुप्तदान वेगळे. दात्याचे नाव पावतीपुस्तकात असावे, लेखापरीक्षकाला दिसावे, आयुक्तांना कळावे. पण ते भिंतीवर, बॅनरवर आणि ध्वनिक्षेपकावर असलेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. वही चोख आणि भिंत कोरी, हेच आजचे गुप्तदान. तसेच चारजणांनी नाव ऐकून प्रेरणा घ्यावी म्हणून जाहीर देणगी देणाऱ्यांच्या भावनेचाही मी अनादर करीत नाही. चढावा बोलताना एकाचे ऐकून दुसऱ्याचा हात सुटतो, हे आपण पाहतोच. पाल्याच्या लेण्यातील नावाने आपल्याला आज आनंद होतो, तसा आपल्या नातवंडांना या इमारतीवरील नावे वाचून होईल. दात्याच्या नावाबद्दल मतभेद असू शकतात. घेणाऱ्याच्या नावाबद्दल मात्र असू नयेत.

म्हणून माझ्या व्यवसायाशी निगडित एक गोष्ट लिहितो. जून महिना आला की गावोगाव गणवेशवाटपाचे कार्यक्रम होतात. कापड आमच्याकडून जाते, त्यामुळे निमंत्रणही येते. व्यासपीठावर पाहुणे आणि खाली रांगेत मुले. एकेका मुलाला वर बोलावून त्याच्या हातात गणवेश ठेवतात आणि दोघांचे तोंड छायाचित्रकाराकडे वळवितात. लहान मुले हसतात. आठवी-नववीतली मुले खाली पाहतात. त्या झुकलेल्या मानेची किंमत गणवेशाच्या कापडाहून निश्चितच अधिक आहे. दहावीपर्यंत ज्याच्या अंगावर तो गणवेश राहील, त्याच्या वर्गमित्रांना तो कोणी दिला हे त्या छायाचित्रामुळे ठाऊक असेल. जगडू शाहांनी लाडवात नाणे दडविले आणि आपण गणवेशावर बिल्ला लावतो!

यावर उपाय अवघड नाही. मुख्याध्यापकांकडून मापांची यादी घ्यावी, शाळेतील सर्वच मुलांचे कापड एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून जावे आणि कोणाचे पैसे पालकांनी भरले व कोणाचे ट्रस्टने, हे मुख्याध्यापक व दुकानदार या दोघांपलीकडे कोणास कळू नये. शिष्यवृत्तीची रक्कम थेट बँकेत जमा व्हावी. औषधोपचाराची मदत रुग्णालयाच्या बिलात परस्पर वळती व्हावी. आपल्या ट्रस्टने सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढाच एक ठराव करावा की, यापुढे मदत घेणाऱ्या कोणाचेही छायाचित्र काढले जाणार नाही आणि त्याचे नाव कोणत्याही अहवालात छापले जाणार नाही. दात्यांची नावे हवी तर ठेवावीत. घेणाऱ्यांचा रकाना मात्र आकड्यांपुरता असावा.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या कार्यास हातभार लावला, त्यांतील कित्येकांची नावे या स्मरणिकेत सापडतील. पण सभागृहाची झाडलोट करणारे, पंक्तीत शेवटी बसणारे, रात्री-अपरात्री रुग्णाला गाडीत घालून पुण्याला पोहोचविणारे आणि पर्युषणात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी यांची नावे कोणत्या पानावर असतील? ती नाहीत म्हणून खंत करण्याचे कारण नाही. त्यांनी कोणाच्याही नावे काही लिहिले नाही. त्यांचे सर्व जमेच्या बाजूला आहे, आणि ज्या वहीत ते आहे ती वही आपल्यापैकी कोणाच्या दुकानात नाही.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. जय जिनेंद्र.